पाण्याचं झाकण

…आणि वर मलाच विचारतात, "अगं, बाथरूम रोज धुतेस ना?"

मला! तुम्हाला सांगते, आमच्या बाथरूमच्या फरशीवर आधी निळी फुलं होती. आता नाहीत. घासून घासून गेली. आता पांढरीशुभ्र फरशी आहे आणि नवीन माणसाला वाटतं, मुळातच पांढरी घेतली असेल. तेव्हा घर माझं स्वच्छ आहे, तो प्रश्नच नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे ते सगळं वासाबद्दल आहे, आणि वास म्हटला की लोक आधी घरातल्या बाईकडे बघतात. बघतात की नाही? पाइप भिंतीत, पाणी वरच्यांचं, गटार रस्त्याचं, आणि बघायचं कोणाकडे, तर माझ्याकडे.

विचारणाऱ्या कोण, तर माझ्या नणंदबाई. ह्यांची मोठी बहीण. मनाने चांगल्या आहेत हो, पण नाक… त्यांचं नाक त्यांच्याआधी दोन पावलं घरात शिरतं. जिन्यात असतानाच म्हणतात, "सकाळी दूध उतू गेलं वाटतं." आणि गेलेलं असतं, तेच तर दुखणं आहे.

तर त्या आल्या, बाथरूममध्ये गेल्या आणि पाय ओला न करता परत बाहेर आल्या. रुमाल नाकाला. "हे काय?" मी म्हटलं, "काय?" आता मला काय माहीत नव्हतं? कितीतरी दिवस मी त्याच वासामागे हात धुऊन लागले होते. सकाळी नसतो, दुपारी असतो. तांब्याभर पाणी ओतलं की जातो, भांडी घासून परत येते तर पाहुण्यासारखा हजर. फिनेल टाकलं, तर फिनेल आणि गटार मिळून तिसराच वास तयार झाला. डांबरगोळ्या टाकल्या. मग ह्यांनी लिंबाच्या वासाचा फवारा आणला. ह्यांचं कसं असतं, दार किलकिलं करायचं, नुसता हात आत घालायचा, फुस्स करायचं, दार लावायचं आणि लढाई जिंकून आल्यासारखं सांगायचं, "गेला बघ." कुठला जातोय? लिंबाच्या बागेत गटार फुटावं तसं झालं.

नणंदबाई काही फवाऱ्याने शांत होणाऱ्या नाहीत. सोफ्यावर बसल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "हे बघ, बाबांना मी या वासात ठेवणार नाही. रविवारपर्यंत बंद झाला तर झाला, नाहीतर रविवारी मी बाबांना माझ्याकडे घेऊन जाते." आणि हे काय म्हणाले असतील? हे म्हणाले, "बघू." लग्न झाल्यापासून हा माणूस बघतोच आहे.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, सासरे नणंदेकडे जातायत तर बरंच झालं की, सुटली बिचारी. तसं नाही हो. बाबा एकटे राहीनात, म्हणून आमच्याकडे आले. त्यांच्या खोलीला लागूनच हे बाथरूम. मला माझे स्वतःचे वडील फार लाभले नाहीत. आणि हे बाबा कसे, तर मी भाजी निवडायला बसले की समोर खुर्ची ओढून पेपर मोठ्याने वाचतात. जाहिरातीसुद्धा सोडत नाहीत. "सूनबाई, गाद्यांवर सूट आहे." मी म्हणते, "आपल्याला नको बाबा." "नाही नाही, नुसतं सांगितलं." आता इतकी वर्षं या घरात मला नुसतं म्हणून कोणी काही सांगितलं होतं? सगळे कामाचंच सांगतात.

त्यातून माणूस शिस्तीचा. आयुष्यभर गोदाम सांभाळलेलं. आले त्या दिवशी बॅग ठेवली आणि उभ्या उभ्या विचारलं, "सूनबाई, इथले नियम काय?" मी म्हटलं, "बाबा, नियम कसले… बरं, एकच. आमच्याकडे उघडं म्हणून काही ठेवायचं नाही." कारण घर माझं स्वच्छ आहे, ते काय आपोआप? प्रत्येक डब्याला झाकण, प्रत्येक पातेल्यावर ताटली. बस, बाबांनी ते एक वाक्य असं धरलं की चहा पितानासुद्धा दोन घोटांच्या मध्ये कपावर बशी ठेवतात. पेनाला टोपण, पेस्टला टोपण, ह्यांचा चष्मा टेबलावर दिसला की डबीत. परवा हे तोंड उघडं टाकून दुपारचे झोपले होते, तर बाबा बराच वेळ काळजीने बघत उभे. मी म्हटलं, "राहू दे बाबा, ते तसंच असतं."

एवढं सगळं झाकलेलं असून माझं मोठ्या पातेल्याचं झाकण मात्र सापडत नव्हतं. आईकडून आलेलं, जाड, मधे पितळी मूठ असलेलं. सगळं घर पालथं घातलं… पण ते राहू दे, आत्ता वासाचं चाललंय.

तर नणंदबाईंनी तेवढ्यावर सोडलं असतं तरी चाललं असतं. पण जाता जाता दारात चपला घालताना त्या ह्यांना हळूच म्हणाल्या… त्यांचं हळूच म्हणजे खालच्या मजल्यापर्यंत… "बाबा यायच्या आधी नव्हता ना रे वास? म्हातारं माणूस घरात आलं की होतं असं थोडं."

आणि बाबा आत, दाराच्या मागे. त्यांना कमी ऐकू येतं म्हणतात. जे ऐकू येऊ नये ते बरोबर ऐकू येतं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा दोनदा आंघोळ करायला लागले. स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लागले. एवढी पावडर लावायचे की खुर्चीवरून उठले तर खुर्चीवर पांढरे बाबा बसलेलेच. पेपर वाचायला माझ्यासमोर बसेनात, लांब, खिडकीशी. मी म्हटलं, "बाबा, इथे बसा ना, ऐकू येत नाही." तर म्हणाले, "इथे हवा बरी आहे." आणि मग एका सकाळी त्यांची खोली झाडायला गेले तर पलंगाखालची बॅग पलंगावर. कपडे घड्या करून भरलेले. म्हणाले, "रविवारी ताई येतेय ना. जरा हवापालट होईल." माझ्याकडे बघितलं नाही. बॅगेची चेन मात्र शेवटपर्यंत नीट लावली. उघडी कशी ठेवणार?

तुम्हाला सांगते, तिथेच माझं डोकं सटकलं. म्हटलं, वास बाबांचा नाही आणि माझाही नाही, कारण घर माझं स्वच्छ आहे, तो प्रश्नच नाही. मग आहे कोणाचा? हे मी शोधून काढणार. फवारा टाका बाजूला.

प्लंबर येऊन गेला होता तसा. आमचा नेहमीचा, गप्पिष्ट. कोपऱ्यातली जाळी उचलून लांब तार आत घातली, फिरवली, बाहेर काढली, तारेकडे कौतुकाने बघितलं आणि म्हणाला, "काकू, लाइन क्लिअर आहे." म्हटलं, "मग वास?" "वास कुठूनही येऊ शकतो." वा! "आता फरशी फोडूनच बघावं लागेल." म्हटलं, "माझ्या फुलांची फरशी?" तो म्हणाला, "कुठे फुलं?"

तर त्याने जाताना एक गोष्ट दाखवली होती, ती माझ्या डोक्यात राहिली. जाळीखाली एक भांड्यासारखं असतं, ट्रॅप म्हणतात. पाइप सरळ खाली जात नाही, खाली जातो, वळतो, परत थोडा वर चढतो आणि मग उतरतो. त्या वळणात थोडं पाणी कायम थांबून राहतं. बेसिनच्या खालीसुद्धा बघा, तसंच वळण असतं. मला इतकी वर्षं वाटायचं, प्लंबरला सरळ पाइप मिळाला नाही म्हणून वाकडा लावला. नाही हो! ते पाणी मुद्दाम ठेवलेलं असतं. खालच्या गटाराचा वास वर यायला निघतो आणि त्या पाण्याला अडतो. म्हणजे ते पाणी म्हणजे काय? झाकण! पाण्याचं झाकण. इतका आनंद झाला मला. म्हटलं, ज्याने कोणी हे शोधून काढलं तो माझ्याच विचारांचा माणूस.

पण मग ते झाकण जातं कुठे? मी पाणी ओतते, वास जातो, म्हणजे झाकण बसलं. दुपारी वास परत, म्हणजे झाकण गेलं. पाण्याला काय पाय फुटतात?

मी सरळ स्टूल घेतलं, बॅटरी घेतली, जाळी उचलली आणि बसले बघत. हे ऑफिसला निघता निघता दारात थबकले. "काय करतेस?" "पाण्यावर लक्ष ठेवतेय." "बरं," म्हणाले आणि गेले. विचारलंसुद्धा नाही का ते. म्हणजे माझ्याबद्दल काय समज असेल बघा.

बसले, बसले… पाणी आपलं शांत. बॅटरीचा उजेड त्यात दिसतोय. आणि एकदम वरून भिंतीतून धाडधाड आवाज. आमच्या वर एकच मजला, मग गच्ची. वरच्या वहिनींचं कपड्यांचं मशिन रिकामं झालं. ते पाणी भिंतीतल्या मोठ्या पाइपातून खाली गेलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर, तुम्हाला सांगते, माझं पाणी आधी थरथरलं, मग खाली खाली जायला लागलं, कोणीतरी पलीकडून नळीने ओढून प्यावं तसं, आणि शेवटी गुडगुडगुड… गुडूप. भांडं रिकामं. आणि मागोमाग वास.

मी वरच्या वहिनींना फोन लावला. "वहिनी, जरा बादलीभर पाणी सोडता?" त्या म्हणाल्या, "कुठे?" "तुमच्याच बाथरूममध्ये." "का हो? घाण आहे असं वाटलं का तुम्हाला?" बघा, त्यांनाही तेच. म्हटलं, "नाही हो, प्रयोग आहे." इकडे मी ट्रॅपमध्ये पाणी भरलं. "सोडू?" "सोडा." धाडधाड. गुडगुड. गेलं. "परत सोडू?" "सोडा." परत गेलं. त्यांना मजा वाटायला लागली. "अजून एक सोडते हां." मी म्हटलं, "पुरे, पुरे." मग त्या म्हणतात कशा, "एक विचारू? रागवू नका. आमच्याकडेसुद्धा येतो हो वास. आम्ही म्हणायचो, खालच्यांकडून येतोय." म्हणजे मी! खालचे म्हणजे मीच की!

प्लंबरला परत बोलावलं. म्हटलं, "वरचं पाणी माझं पाणी ओढून नेतं. आता सांग." तो गंभीर झाला. म्हणाला, "काकू, हा सायफन झाला." आणि सायफन म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अहो, बाल्कनीतलं पिंप आपण कसं रिकामं करतो? नळी पाण्याने भरायची, एक टोक पिंपात, दुसरं खाली मोरीत सोडायचं. पलीकडचं पाणी पडायला लागलं की ते मागच्याला ओढतं, मागचं त्याच्या मागच्याला, आधी चढ चढून मग उतार, आणि थांबतं कधी? तळ लागून नळीत हवा शिरली की. तेच माझ्या ट्रॅपचं झालं. मोठ्या पाइपातून पाणी पडताना ओढ लागली, माझं पाणी वळण चढून पलीकडे गेलं, आणि गेलं ते मागे वळून बघितलं नाही.

मी म्हटलं, "पण मग इतकी वर्षं का नाही ओढलं? वरच्या वहिनी काय आजच आंघोळ करायला लागल्या?" तो म्हणाला, "तेच म्हणतो मी. पाणी पडताना पाइपात मागून हवा यायला हवी. हवा मिळाली की ते तुमच्या पाण्याला हात लावत नाही." म्हटलं, "थांब, थांब. तेलाचा डबा." तो म्हणाला, "काय?" "अरे, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल कसं येतं? भक… भक… अडकत अडकत. दुसरं भोक पाडलं की धार कशी सरळ. कारण एकातून तेल बाहेर येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते." तो म्हणाला, "हां, बरोबर." मी म्हटलं, "मग आपल्या पाइपाचं दुसरं भोक कुठे आहे?"

दोघांनी एकदम वर बघितलं. वर माझं छत होतं, पण कळलं मला.

तो म्हणाला, "गच्चीवर पाइपाचं तोंड उघडं ठेवलेलं असतं." मी म्हटलं, "उघडं?" क्षणभर मला कसंसंच झालं. माझ्या बिल्डिंगमध्ये, माझ्या डोक्यावर, इतकी वर्षं काहीतरी उघडं आणि मला कोणी सांगितलं नाही.

गेलो गच्चीवर. टाकीच्या मागे, कोपऱ्यात, खांद्याएवढा उंच पाइप. उघडा? छे. त्याच्या तोंडावर जाड प्लॅस्टिक, ते सुतळीने गच्च बांधलेलं, एक गाठ, दुसरी गाठ, तिसरी गाठ, हवा शिरायला सुईएवढी फट नाही. प्लॅस्टिकवर वीट. आणि विटेच्या खाली… पितळी मूठ असलेलं जाड झाकण.

माझं. आईकडचं.

प्लंबर म्हणाला, "हे कोणी केलं?" रोज सकाळी गच्चीवर फिरायला कोण जातं, हे मला माहीत होतं. सुतळीला तसल्या गाठी मारणारा, गोदाम सांभाळलेला माणूस आमच्या घरात एकच आहे. आणि त्याला "उघडं म्हणून काही ठेवायचं नाही" असं सांगणारी बाईसुद्धा एकच आहे.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं? वर झाकण लावलं म्हणून खालचं झाकण उडालं, हे उत्तर मिळालं. वास जाणार, उत्तम. पण बाबांना काय सांगू? चार दिवस मी त्या माणसाला घसा कोरडा करून सांगतेय, "बाबा, वास तुमच्यामुळे नाही, तुमच्यामुळे नाही," आणि आता जाऊन सांगू, "बाबा, तसा तुमच्यामुळेच"? बॅग भरून तयार आहे तिथे. तेवढं ऐकलं असतं तर रविवारची वाटसुद्धा बघितली नसती त्यांनी.

मी प्लंबरला म्हटलं, "यावर बसवायला जाळीची टोपी मिळते का? वरून पाखरू पडणार नाही, पण हवा जाईल?" म्हणाला, "मिळते की. खरं तर असायलाच हवी होती. मी बसवतो." म्हटलं, "तू नाही बसवायची. तू फक्त आणायची. आणि खाली आल्यावर गप्प बसायचं. जमेल?" त्याने मान हलवली, पण चेहऱ्यावरून त्याला फार जड जाणार असं दिसत होतं.

खाली येऊन बाबांना म्हटलं, "बाबा, गच्चीवरच्या पाइपाला चांगलं झाकण लागणार आहे, वासाचं घोडं तिथेच अडलंय म्हणतो हा प्लंबर. तुमच्याइतकं पक्कं कोणी बसवणार नाही." बाबा उठले. कितीतरी दिवसांनी खुर्ची माझ्याकडे वळवून बसले. म्हणाले, "मी लावलं होतं गं एक. उघडाच होता पाइप." मी म्हटलं, "हो का?" "हो. पण ते साधंच होतं, तुझ्या पातेल्याचं. पुरलं नसेल." मी म्हटलं, "नसेल पुरलं." प्लंबर खोकायला लागला. त्याला पाणी दिलं.

बाबांनी टोपी बसवली. स्वतः, विटेवर चढून, मी विटेला धरलं आणि प्लंबरने बाबांना धरलं. माझं झाकण घासून, पुसून त्यांनी परत आणून दिलं. मग मी खाली ट्रॅपमध्ये पाणी भरलं, बॅटरी लावली, वरच्या वहिनींना म्हटलं, "सोडा." त्या तयारच होत्या, दोन बादल्या भरून. धाडधाड झालं. पाणी जरासं हललं… आणि थांबलं. तिथेच. बाबा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. म्हणाले, "गेलं नाही." म्हटलं, "नाही बाबा, आता जात नाही." दुपारी पावडर पुसली त्यांनी, आणि बॅग पलंगाखाली गेली.

रविवारी नणंदबाई आल्या. गाडी घेऊन, मागची सीट रिकामी करून. सरळ बाथरूममध्ये. दार लावलं. इतका वेळ आत की ह्यांना वाटलं, चक्कर आली की काय. बाहेर आल्या. रुमाल हातात, नाकाला नाही. "काहीच येत नाही," म्हणाल्या. अशा म्हणाल्या की जणू काही हरवलंच. त्यावर बाबा म्हणतात कसे, "मी पाइपाला टोपी बसवली. सूनबाई होती मदतीला." मदतीला! स्टुलावर बसून कंबर माझी गेली, प्रयोग माझा, तेलाचा डबा माझा… मी म्हटलं, "हो ताई, बाबांनीच केलं सगळं." आणि तुम्हाला सांगते, हे म्हणताना मला इतकं बरं वाटलं, की माझं मलाच आश्चर्य वाटलं. म्हटलं, चला, मिटलं. बाबा इथे, वास गेला, पातेल्याचं झाकण पातेल्यावर.

नणंदबाई सोफ्यावर बसल्या. लांब श्वास घेतला. आणखी एक घेतला. घरभर नाक फिरवून आणलं. मग म्हणाल्या, "किती छान वाटतंय गं इथे. आमच्याकडे रंगाचं काम निघतंय, मला तो वास सहन व्हायचा नाही. मी काय म्हणते, बाबांना कशाला हलवा… मीच येते इथे राहायला, रंग वाळेपर्यंत."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "बघू." त्या म्हणाल्या, "बघायचं काय त्यात? बॅग गाडीतच आहे माझी."

आता त्या बाथरूममध्ये आहेत. मघापासून. मला आतून विचारतायत, "अगं, ही फरशी आधी वेगळी होती का?" तेव्हा घर माझं स्वच्छ आहे… आणि आता तोच प्रश्न झालाय.